फितूर आणि गद्दार एकच का?

प्रश्न: कोर्टाच्या बातमीत ‘साक्षीदार फितूर’ वाचून लेकीने विचारलं, हिंदी गाण्यात तर फितूर म्हणजे वेड! मग खरं काय? आणि गद्दार कुठून आला?

उत्तर: दोन्ही मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. अरबी ‘फुतूर’ म्हणजे ढिलेपणा. पुढे त्याचा अर्थ बिघाड झाला. हिंदीत तो डोक्यातला, आपल्याकडे निष्ठेतला. फितणे, फितवणे, फितुरी सगळी त्याच घरची.

उत्तर: गद्दारच्या मुळाशी ‘गद्र’ आहे, म्हणजे विश्वासघात. १८५७च्या उठावालाही ‘गदर’च म्हणत. १९१३ साली अमेरिकेतल्या आपल्या क्रांतिकारकांनी हाच शब्द अभिमानाने आपल्या वर्तमानपत्राला दिला, आणि त्यावरून त्यांचा पक्षही गदर पक्ष म्हणून ओळखला जाऊ लागला. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे त्याच गदर पक्षाचे. या पक्षाने ठरवलेला फेब्रुवारी १९१५चा इंग्रजांविरुद्धचा उठाव आत शिरलेल्या पोलिसांच्या खबऱ्याने फोडला. तरी पिंगळे मागे हटले नाहीत. मार्चमध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसकट सापडले, १६ नोव्हेंबरला लाहोरात फाशी गेले. अवघे सत्तावीस वर्षांचे! आपल्याकडे त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उत्तर: आणि ‘घरभेदी’ विसरू नका. फितूर पैशाने कोणालाही करता येतो, घरभेदी मात्र आतलाच लागतो.

प्रश्नकर्ती: आभार. पिंगळ्यांबद्दल आज रात्रीच लेकीला सांगते.