मदत हवी आहे : शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाचा श्वसनदर कसा मोजावा?
नमस्कार. नागपुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात हलवलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवणारे छोटे उपकरण तयार करत आहोत. बोटावरचा सेन्सर ६६० व ८८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने नाडी आणि रक्तातील ऑक्सिजन मोजतो. परंतु मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाने श्वास मंदावला, तरी ऑक्सिजन लावलेल्या रुग्णात रक्तातील ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ सामान्य दिसू शकतो, म्हणून श्वसनदर स्वतंत्रपणे मोजणे आवश्यक आहे. छातीच्या पट्ट्यातील, हालचालीवरून श्वास मोजणारा अ‍ॅक्सिलरोमीटर मात्र रुग्ण कुशीवर वळताच खोटा इशारा देतो, आणि सतत वाजणारा अलार्म कोणीही शेवटी बंदच करणार. नाकाजवळ थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर) लावल्यास, मे महिन्यातील आपल्या उकाड्यात उच्छ्वासाची ऊब वेगळी ओळखता येईल का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.