पहिला साप कुठून घ्यावा? दुकानातून नको, असं माझं ठाम मत आहे

सांजवारा

भाचीला साप पाळायचा आहे. दोन वर्षं वाचून, व्हिडिओ बघून, आईवडिलांना पटवून झालं आणि मग तिने मला विचारलं, "मावशी, दुकानातून घेऊ की ब्रीडरकडून?" मी तिथल्या तिथे सांगितलं, ब्रीडरकडून, म्हणजे घरी सापांची पैदास करणाऱ्याकडून. का, ते समजावायला मात्र अख्खी संध्याकाळ गेली. ते सगळं इथे लिहिते. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर वाद घालावा.

माझा पहिला साप दुकानातला. बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, हातभर लांबीचं पिल्लू. एकाच काचेच्या टाकीत चार पिल्लं एकमेकांवर पडलेली. साप काही कळपात राहणारा प्राणी नाही. ती चौघं एकत्र होती कारण टाकीत लपायची जागा एकच होती. मी विचारलं, खातो का? "सगळे खातात." शेवटचं कधी खाल्लं? "याच आठवड्यात." चारांपैकी नेमकं कुणी खाल्लं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी तो पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसला, तो तिथून हलेना. पाणी बदलायला भांडं उचललं तर तळाशी मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके. त्यातला एक चालायला लागला. माइट होते ते, सापाच्या खवल्यांखाली शिरून रक्त पिणारे. डोळ्याभोवतीच्या खाचेत आणि हनुवटीखाली तर रांगच लागलेली. पुढचे कित्येक महिने टाकी रिकामी करणं, खाली साधा पांढरा कागद अंथरणं, डॉक्टरांनी दिलेलं औषध मारणं आणि सकाळी कागदावर ठिपके मोजणं, एवढंच चाललं होतं. पहिले सात आठवडे त्याने काही खाल्लं नाही.

तो कुठे जन्मला, हे दुकानात कुणालाच सांगता आलं नाही. आज वाटतं, तो पश्चिम आफ्रिकेतून आला असावा. टोगो, बेनिन, घाना या देशांत रानातून गाभण माद्या किंवा अंडी गोळा करतात, पिल्लं बंदिस्त जागेत बाहेर काढतात आणि निर्यात करतात. बॉल पायथन साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. पण परवाना असलेलं पिल्लू निरोगी असतंच असं नाही. हजारो किलोमीटरचा प्रवास, वाटेत दोन-तीन गोदामं, प्रत्येक ठिकाणी शेजारी नवे साप.

ब्रीडर मात्र सांगू शकतो, हे अंड्यातून या तारखेला निघालं, पहिली कात या दिवशी टाकली, त्यानंतर इतक्या वेळा खाल्लं, आईबाप हे बघा इथे आहेत. पहिल्यांदा पाळणाऱ्याला याहून मोठा आधार नाही.

वारूळ

तुमच्या सापाचं वाचून वाईट वाटलं. तरी निष्कर्ष पटला नाही. मी नऊ वर्षं अशाच एका दुकानात सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग सांभाळला. एका टाकीत एकच साप. टाकीवर चिकटवलेला कागद, त्यावर खाल्ल्याची, कात टाकल्याची आणि विष्ठेची तारीख. नवा माल आला की मागच्या खोलीत ६० दिवस वेगळा ठेवायचा आणि मगच पुढे आणायचा. गिऱ्हाईक वर्षभराने पुन्हा आलं तरी मी तिथेच असायचो.

आता ब्रीडरबद्दल. 'ब्रीडर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जीव लावणारा माणूस येतो. मी असेही ब्रीडर पाहिलेत की भिंतभर ड्रॉवर, प्रत्येकात एक साप आणि सगळं बघायला एकटा माणूस. माइट एका ड्रॉवरमधून दुसऱ्यात जायला रात्र पुरते. आणि मॉर्फचं, म्हणजे निवडून पैदास केलेल्या रंग-नक्षीच्या वाणांचं, वेड कुणी वाढवलं? दुकानांनी नाही. स्पायडर मॉर्फचा बॉल पायथन बघा. दिसायला सुंदर, पण डोकं डोलतं, भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो, काही तर उलटे होऊन पडतात. आतल्या कानाची रचनाच बिघडलेली असते, आणि ते त्या नक्षीच्या जनुकाबरोबरच येतं. हे ठाऊक असूनही ब्रीडर तो वर्षानुवर्षं वाढवत आले. नव्या माणसाला सांगतात, "थोडं डोलतो, त्याला काही होत नाही."

दुकान की ब्रीडर, या प्रश्नाने काहीच हाती लागत नाही. समोरचा माणूस नोंद दाखवतो का, हे बघा.

मोरपीस

दोघंही नवीन पिल्लूच धरून बसलात. मी म्हणेन, पहिला साप मोठा घ्या आणि दुसऱ्याने सोडलेला घ्या.

बॉल पायथन नीट सांभाळला तर २० ते ३० वर्षं जगतो, कॉर्न स्नेक (अमेरिकेतला सडपातळ, बिनविषारी साप) १५ ते २०. घेणारा बहुतेकदा विद्यार्थी असतो. मग नोकरी, लग्न, बदली, घरमालक. साप तसाच असतो, माणसाचं आयुष्य बदलतं. प्राणी-आश्रयगृहांत आणि सापप्रेमींच्या संस्थांत असे साप वाट बघत असतात. माझी कॉर्न मादी मला मिळाली तेव्हा सात वर्षांची होती. पहिल्या मालकाने तिच्याबरोबर टाकी, तापमान राखणारा थर्मोस्टॅट आणि एक वही दिली. वहीत सात वर्षांचं प्रत्येक जेवण लिहिलेलं. पहिल्याच आठवड्यात तिने वितळवून कोमट केलेला उंदीर चिमट्यातून शांतपणे घेतला.

पिल्लू म्हणजे भित्रं, चपळ, बोटाएवढं. फटीतून निसटतं, दोन वेळा खाल्लं नाही की मालकाची झोप उडते. मोठ्या सापाचा स्वभाव कळलेला असतो. तो किती वाढणार हेही समोर दिसतं. अमेरिकेत बर्मीज अजगर पिल्लू म्हणून घेतले गेले, मग आवरेनासे झाले, आणि फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत सुटलेल्यांनी आता ठाणच मांडलंय. २०१२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्या जातीची आयात आणि राज्याराज्यांतली वाहतूक बंद केली, तोवर फार उशीर झाला होता. पूर्ण वाढलेला साप समोर बघून घेतला असता तर कितीजणांनी तो घरी नेला असता?

निशिगंध

मोरपीस, तुम्हाला वही मिळाली. मला काहीच मिळालं नव्हतं.

मी दोन बोआ (अजगरासारखे मोठे साप, दोन्ही माद्या) अशाच आणल्या, कुणीतरी घर बदलत होतं म्हणून. चार महिन्यांनी धाकटीचं डोकं मागे वळायला लागलं. छताकडे बघत बसायची, पाठीवर ठेवली तर सरळ होता येईना. डॉक्टरांनी तपासणी करून निदान सांगितलं, इन्क्लुजन बॉडी डिसीज. बोआ आणि पायथनमध्ये विषाणूमुळे होतो, उपचार नाही. मोठीत लक्षण एकही नव्हतं, पण तपासणीत विषाणू तिच्यातही निघाला. बोआ कित्येक महिने, कधी वर्षंही वरून ठणठणीत दिसते. धाकटीला शेवटचं इंजेक्शन द्यायला मीच घेऊन गेलो. मोठी अजून माझ्याकडे आहे, एकटी, आणि तिच्यानंतर मी दुसरा साप आणलेला नाही.

तुमचा हेतू चांगला आहे, मान्य. पण ज्याने कधी निरोगी साप हाताळलेला नाही त्याला आजारी साप कसा ओळखता येणार? श्वासाची शिट्टी, तोंडाच्या कडेला बुडबुडे, हातात घेतल्यावर दोरीसारखं लोंबणारं अंग, हे सगळं निरोगी साप माहीत असेल तेव्हाच खटकतं. त्यात क्रिप्टोसारखा, परजीवीमुळे होणारा पोटाचा रोग असला तर जेवण पुन्हा पुन्हा बाहेर येतं, पोटाचा मधला भाग फुगतो, आणि नवा माणूस समजतो की उंदीरच मोठा झाला असेल. दत्तक जरूर घ्यावा, पण दुसरा साप म्हणून. पहिल्यांदा नको.

मोरपीस

निशिगंध, धाकटीबद्दल वाचून गलबललं. पण तुम्ही ज्याला दत्तक म्हणताय ते हातोहात दिलेले साप होते. चांगली संस्था साप आधी वेगळा ठेवते, डॉक्टरला दाखवते, मग देते. तुमच्या बोआ अशा संस्थेतून आल्या असत्या तर तपासणी तुमच्या घरी येण्याआधी झाली असती. आणि तो विषाणू ब्रीडरच्या ड्रॉवरमध्येही असू शकतो, हे तुम्हीही नाकारणार नाही.

निशिगंध

नाकारत नाही. अशी संस्था जवळ असेल तर माझा विरोध निम्मा होतो. पूर्ण जात नाही.

पाणकणीस

मी पहिला साप सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनातून घेतला. दहा-बारा ब्रीडर एका छताखाली, प्रश्न विचारायला भरपूर माणसं. पण डबे एकमेकांना लागून, आणि तेच हात इकडून तिकडे सगळ्या सापांना लागतात. शिवाय संध्याकाळी टेबलं आवरायला लागतात तेव्हा घाई होते आणि न ठरवलेला साप पिशवीत येतो. माझ्याबरोबर तेच झालं. साप छान निघाला, टाकी मात्र तयार नव्हती. पहिली रात्र त्याने प्लॅस्टिकच्या डब्यात काढली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. प्रदर्शनात जा, ओळखी करा, आणि साप नंतर त्या माणसाच्या घरी जाऊन घ्या.

भरतीओहोटी

एक विचारतो, रागावू नका. रानातून पकडलेला फार कमी पैशांत मिळतो म्हणे. साप तो सापच ना? हरकत काय?

वारूळ

मोठी हरकत आहे. अंगावर गोचीड, पोटात जंत, आणि माणूस दिसला की भीतीने थिजलेला. गोठवलेला उंदीर त्याला अन्न वाटतच नाही. मग लोक जिवंत उंदीर सोडतात आणि उंदीर सापाला चावतो. असे फाटलेले साप मी पाहिलेत. अनेक देशांत रानातला साप ठेवणं गुन्हा आहे, तो भाग वेगळाच. तुमच्या देशाचा कायदा आधी वाचा. कुठला साप, हे त्यानंतर.

सांजवारा

भरतीओहोटी, वारूळ म्हणतात ते शब्दन् शब्द खरं आहे. या एका मुद्द्यावर आमचं दोघांचं भांडण नाही.

वारूळ, तुमचं दुकान मला मिळालं असतं तर हा धागा मी काढलाच नसता. पण मी नंतर सहा दुकानं पाहिली. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, "हा माझ्यासमोर खाईल त्या दिवशी मला बोलवाल का?" एकाही ठिकाणी हो म्हटलं नाही. दोन ठिकाणी तर साप हातात घेऊन बघायलाही नकार. हातात घेतल्याशिवाय कणा सरळ आहे का, गुदद्वार स्वच्छ आहे का, अंगात ताकद आहे का, हे कसं कळणार? काम करणारी मुलं प्रेमळ होती. पण आज माशांकडे, उद्या पक्ष्यांकडे, त्यांना सापाचं कोण शिकवणार?

स्पायडरचा मुद्दा मात्र मी विसरले होते. भाचीच्या यादीत तो होता, काल तिने स्वतः खोडला. आणि ब्रीडरकडे गेल्यावर पिल्लाआधी त्याची खोली बघायची, हेही आता लिहून घेतलंय.

वारूळ

सहा दुकानांवरून सगळ्यांना नापास करताय, हे मला अजूनही मान्य नाही. आणि जिथे चांगला ब्रीडर पोहोचण्यासारखा नाही, तिथल्या माणसाने काय करायचं? पार्सलने मागवायचा? न बघता? ते असो. भाचीचं ठरलं का?

सांजवारा

पार्सल नको, यावर मी तुमच्या बाजूला आहे. साप न बघता घेऊ नये.

भाचीचं ठरलं. कॉर्न स्नेक, पाच महिन्यांचं पिल्लू, दोन तासांवरच्या एका ब्रीडरकडून. आम्ही दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा त्यांनी आमच्यासमोर पिल्लाला गुलाबी उंदीर, म्हणजे केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू, दिला, जोडीला सगळ्या जेवणांची नोंद. टाकी घरी दोन आठवड्यांपासून चालू आहे. थर्मोस्टॅटवर गरम कोपरा ३० अंश, थंड बाजू २४. साप नाही, तरी भाची रोज सकाळी आकडे लिहिते.

काल आणायला निघणार तेवढ्यात ब्रीडरचा फोन आला. पिल्लाचे डोळे दुधाळ झालेत, आता नेऊ नका. कात टाकू दे, एकदा खाऊ दे, मग या.

वारूळ

चांगला माणूस आहे. मीही दुकानात दुधाळ डोळ्यांचा साप कधी दिला नाही.

दुधाळपणापासून कात पडेपर्यंत साधारण आठवडा-दीड आठवडा जातो. भाचीला म्हणावं, ती कात ब्रीडरला जपून ठेवायला सांग. अखंड निघाली का बघायचं आणि डोक्याकडचा भाग उजेडात धरायचा. डोळ्यांवरच्या दोन्ही पारदर्शक टोप्या त्यात दिसल्या पाहिजेत.