ब्रियुनीला अर्धा दिवस देऊन उरकू नका

क्रोएशियातल्या ब्रियुनी या बेटसमूहाला अर्धा दिवस पुरेल असं म्हटलं जातं, पण मला ते पटत नाही. समोरच्या किनाऱ्यावरच्या फाझाना गावाहून बोटीने मुख्य बेटावर पाव तासात पोचता येतं हे खरं, पण छोट्या आगगाडीतून फेरी मारून परतलात तर निम्मं बेट राहून जातं. सरळ सायकल भाड्याने घ्या.

वेरिगे खाडीच्या काठावर रोमन काळातल्या प्रशस्त हवेलीचे अवशेष आहेत, अगदी पाण्याला लागून. किनाऱ्यावरच्या खडकांत डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत. आणि सुमारे १६०० वर्षांचं मानलं जाणारं ऑलिव्हचं झाड! ते अजून फळतं.

१८९३ मध्ये पाउल कुपेलवीझर या ऑस्ट्रियन उद्योजकाने ही बेटं घेतली, तेव्हा इथे मलेरियाचं थैमान होतं. तो हटवायला खुद्द प्रसिद्ध जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख आले होते. पुढे युगोस्लाव्हियाचे नेते टिटो यांनी इथे निवासस्थान केलं आणि जुलै १९५६ मध्ये नेहरू, इजिप्तचे नासर आणि टिटो इथेच भेटले. अलिप्ततावादाच्या इतिहासात ही भेट महत्त्वाची.

आपल्याला जास्त गंमत वाटेल ती प्राण्यांची. टिटोंना भेट मिळालेल्या प्राण्यांचं सफारी पार्क आहे. सोनी आणि लंका ही हत्तींची जोडी इंदिरा गांधींनी दिलेली. सोनी २०१० मध्ये गेला. शिवाय इथल्या हिरवळीवर चक्क आपले चितळ चरतात! एड्रियाटिकच्या काठी ठिपक्यांचं हरीण बघून क्षणभर कान्हातच आहोत असं वाटतं.

राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९८३ पासून. शक्य झालं तर मुक्कामच करा, शेवटची बोट गेल्यावर बेट निवांत होतं.