मदत हवी आहे: पॅटन जळालेला दिसायला हवा, भंगारातला दिसतोय

धागाकर्ता: टॉवेलवाला

नमस्कार मंडळी. मुक्काम सोलापूर. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, रात्री गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मॉडेलं रंगवतो. घरात या छंदाला अजून 'खेळणी' म्हणतात, तेव्हा सल्ला इथेच मागतोय.

हातात इटालेरीचा १:३५ चा एम-४७ पॅटन रणगाडा आहे. दृश्य ठरवलंय ते १९६५ च्या भारत-पाक युद्धातल्या असल उत्तरचं. खेमकरणजवळ ८ ते १० सप्टेंबरला ती लढाई झाली. आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलेलं, पाकिस्तानचे पॅटन चिखलात रुतलेले, उसात दबा धरून बसलेले आपले रणगाडे, आणि जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची तोफ घेऊन अब्दुल हमीद. मला लढाई दाखवायची नाहीये. लढाई संपून दोन-तीन दिवस झालेत, फडाच्या कडेला एक पॅटन जळून पडलाय आणि आसपास माणूस नाही, एवढंच.

चार महिने काम केलं. मागच्या रविवारी शेजारचे हवालदार काका वर आले. लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते, आता सत्तरीपुढचे आहेत. चष्मा कपाळावर सरकवून नाक लावून बघितलं आणि विचारलं, "हा कधी मेला?"

म्हटलं, "तीन दिवस झाले, काका."

"छ्या. हा वीस वर्षांपूर्वी मेलाय. याला भंगारवाल्यानं पण परत पाठवलाय."

वाईट वाटलं, पण बरोबर होतं. गंज कसा असतो ते बघायला मी भंगार बाजारातच गेलो होतो. जुने बॉयलर, मागाचे सुटे भाग, ट्रकच्या चासी, सगळ्यांचे फोटो काढले आणि तसाच गंज पॅटनला चढवला. गडद तपकिरी, पापुद्रे सुटलेला, मडगार्डला खाऊन पडलेली भोकं. मन लावून केलं आणि तिथेच फसलो.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. खाली लालसर तपकिरी, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर तामियाचा एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब, मग ओल्या ब्रशनं घासून टवके काढले. टवके छान आले. नंतर ऑइल कलरचा वॉश, म्हणजे पातळ हात, द्यायला टर्पेंटाइन संपलं होतं म्हणून घरात पडलेला एनसी थिनर (लॅकर पातळ करायचा) वापरला. हसू नका. टरेटच्या (वरच्या फिरत्या मनोऱ्याच्या) उजव्या बाजूचा रंग तर गेलाच, खालचं प्लास्टिकही मऊ होऊन सुरकुतलं.

गोळ्याचं भोक १०६ भागिले ३५ असा हिशेब करून बरोबर ३ मिलिमीटरचं पाडलंय. हिशेबनीस आहे, दुसरं काय करणार.

जमिनीसाठी मोहोळकडच्या मित्राच्या रानातली काळी माती आणली, वस्त्रगाळ केली, फेविकॉलमध्ये कालवून थापली. तिसऱ्या दिवशी बेसला मे महिन्यातल्या रानासारख्या भेगा. रणगाडा चिखलात रुतलाय आणि चिखलाला दुष्काळ पडलाय.

शिवाय हे ऊन. त्रेचाळीसला टेकलंय. एअरब्रशमधून निघालेला रंग मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच वाळतो आणि अंगावर रवा सांडल्यासारखा खरखरीत बसतो. वर आमच्या गल्लीत मागांचा कापूस उडतो, तो ओल्या वार्निशवर अलगद येऊन चिकटतो. रंगात बोअरचं पाणी घातलं की वाळल्यावर पांढरे ठिपके.

तर ताजा जळालेला रणगाडा नेमका कसा दिसतो, आणि आहे त्यातून तो कसा काढू? नवीन किट घ्या असं कृपया सांगू नका, तसं सांगणारी व्यक्ती घरात आहे.

चिलखती

काकांना दंडवत. जळणं आणि गंजणं यात बहुतेकांचा गोंधळ होतो, त्याला १९६५ चे फोटोही जबाबदार आहेत. कृष्णधवल फोटोत ताजा नारिंगी गंज, राख आणि धूळ तिन्ही जवळजवळ सारख्याच फिक्या करड्या दिसतात. माणूस मग मनानं रंग भरतो.

आधी एक ठरवा, आग कुठून लागली? त्याशिवाय ब्रश हातात घेऊ नका. एम-४७ चं इंजिन पेट्रोलचं, मागच्या बाजूला. समजा आग तिथे भडकली. मग मागचा भाग पूर्ण जळालेला, टरेट अर्धवट, आणि पुढच्या नाकाचा ऑलिव्ह रंग बराचसा शाबूत, नुसता धुरकटलेला. सगळीकडे सारखाच जळालेला रणगाडा खोटा वाटतो.

जिथे सर्वात जास्त तापलं तिथे रंग उरतच नाही. तुम्ही काढलेत तसे टवके नसतात, अख्खाच्या अख्खा थर गेलेला असतो. उघडं पोलाद, त्यावर फिकी करडी-पांढरी राख, आणि त्या भागात ओल होती म्हणजे एक-दोन दिवसांतच त्यावर नारिंगी गंजाचा पातळ पडदा. पातळ म्हणजे पातळच. पापुद्रे धरायला महिने-वर्षं लागतात. मडगार्डची भोकं बुजवा, तीन दिवसांत पत्रा खाल्ला जात नाही. वाकवा मात्र बिनधास्त.

काजळी झाकणं आणि जाळ्यांच्या वरच्या अंगाला असते, कारण धूर वर जातो. लोक ती सगळीकडे थापतात आणि रणगाड्याचा तवा होतो. खूप तापलेल्या जागी तर काजळीही जळून जाते, म्हणून काळा रंग आगीच्या मध्यावर नाही, कडेला. आणि जळालेला व न जळालेला यांच्या सीमेवर रंगाला फोड आलेले असतात. ऑलिव्हमध्ये थोडा तपकिरी आणि चिमूटभर खायचा सोडा घालून त्या पट्ट्यात टिपून टिपून लावा.

आता चाकं. एका बाजूला सहा, सगळ्यांवर रबर. रबर जळून गेलं की नुसती पोलादी कड उरते आणि खाली राखेचा ढीग. तुमच्या जळालेल्या बाजूच्या चाकांवरचं रबर कापून टाकावं लागेल. शिवाय आगीनं टॉर्शन बारचं (चाकांना स्प्रिंगसारख्या पेलणाऱ्या पोलादी दांड्यांचं) पाणी उतरतं, स्प्रिंगपणा जातो आणि रणगाडा त्या बाजूला खाली बसतो. मागून दोन-तीन मिलिमीटर बसवा. रंगापेक्षा हा बसलेपणा जास्त बोलतो.

३ मिलिमीटरचं भोक वाचून मात्र खुर्चीतून पडलो. त्या तोफेचा हीट (चिलखतभेदी) गोळा स्वतः आत घुसत नाही. त्याच्या तोंडातल्या धातूच्या शंकूची स्फोटानं बारीक धार बनते आणि ती चिलखत भेदते. भोक बोटभर असतं. तुमच्या मापात एक मिलिमीटरच्या आतबाहेर, भोवती थोडा करपलेला डाग, बस.

अवांतरी

हिशेबनीसांसाठी अवांतर: त्या १०६ च्या तोफेचा व्यास मुळात १०५ मिलिमीटर होता. आधीच्या १०५ च्या तोफेच्या गोळ्यांशी घोळ होऊ नये म्हणून नाव १०६ ठेवलं. म्हणजे तुमच्या भागाकारात १०६ ऐवजी १०५ हवे होते.

टॉवेलवाला

@अवांतरी, ०.०३ मिलिमीटरचा फरक जमाखर्चात बसवतो.

@चिलखती, प्रिंट काढून भिंतीला लावलाय. पण 'करडी-पांढरी राख', 'नारिंगी पडदा' हे डोळ्यासमोर येत नाही हो. इंटरनेटवरच्या प्रत्येक फोटोचा रंग वेगळा.

कडकभाकरी

काय करायलाव भावा, फोटो कशाला बघायलाव? तेलाचा रिकामा डबा घे, बाहेरून ऑइलपेंट मार, दोन दिवस वाळू दे. मग मोकळ्या जागी लाकडं पेटवून एका बाजूनं जाळ दे. सगळा नको, एकाच बाजूनं. वाऱ्याकडे पाठ करून उभा रहा, धूर वाईट असतो. गार झाला की पाणी शिंपड आणि दोन दिवस गच्चीत ठेव. पत्र्यावर कल्हई असते, तेवढी ठिणग्या सांभाळून तारेच्या ब्रशनं खरवडून काढ, नाहीतर गंज यायचा नाही. अख्खं पुस्तक हाय त्या डब्यात.

महागडी पिगमेंटं पण नको. गेरू म्हणजे तरी काय, लोखंडाचा गंजच की. वस्त्रगाळ करून लाव. त्यात थोडी हळदी रंगाची सुकी पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून मिसळ, ताजा गंज येतो. खरी हळद घालू नको, उन्हानं उडते. मी घालून बसलोय.

उन्हाचं म्हणशील तर रात्री दहानंतर किंवा पहाटे पाचला मार. ॲक्रिलिकमध्ये दोन थेंब रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारा), दाब कमी, आणि हात जवळ. पाणी बॅटरीचं घे, पेट्रोल पंपावर मिळतं. कापसाला इलाज नाही, आपण सोलापुरात राहतो. वार्निश मारलं की वर प्लास्टिकचा डबा पालथा घाल.

एनसी थिनरवाली बाजू तेवढी बुजवू नको हं. आधी फोटो टाक.

टॉवेलवाला

टाकला. रडू येतं बघून.

चिलखती

रडू नका! एम-४७ चं टरेट ओतीव पोलादाचं आहे. ओतकामाचा पृष्ठभाग असाच खडबडीत असतो, आणि आम्ही लोक पातळ केलेली पुट्टी ब्रशनं ठोकून ठोकून तो मुद्दाम आणतो. तुम्हाला तो अपघातानं मिळालाय. सर्वात खोल दोन सुरकुत्या तेवढ्या घासून घ्या. डाव्या बाजूला पुट्टीनं करा. पुन्हा थिनर नको!!

ऊसवाली

मी रणगाड्यातली नाही, पंढरपूर तालुक्यातली शेतकरी आहे. भाऊंच्या मातीबद्दल लिहिते.

काळी माती भेगाळणारच. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, फेविकॉल घातलं म्हणून तिचा स्वभाव बदलत नाही. आणि खेमकरणला काळी माती आली कुठून? तिकडे नद्यांच्या गाळाची जमीन, वाळल्यावर फिकी भुरी, ओली झाली की मातकट तपकिरी. तुमचा पंजाबातला पॅटन मोहोळच्या शिवारात रुतलाय. वॉल पुट्टीत बारीक लाकडाचा भुसा आणि फेविकॉल घालून थापा, रंग वरून द्या. पट्ट्यांत अडकलेला चिखल ओला गडद, डेकवर उडालेले शिंतोडे वाळून फिके.

उसाचा फोटो पाहिला. काड्या सगळ्या काळ्या रंगवल्यात. उभा हिरवा ऊस असा कोळसा होत नाही. फड पेटला की पाचट भुर्रकन जातं, कांडी उभी राहते, नुसती करपते. शेंड्याची पानं तपकिरी होऊन लोंबतात. सप्टेंबरातला ऊस दोन-सव्वादोन मीटर धरा, तुमच्या मापात सहा सेंटीमीटरच्या आसपास. तुमचा चार सेंटीमीटरचा दिसतो, तो खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) असेल तर गोष्ट वेगळी. पाचटाला मक्याच्या कणसाची वाळलेली साल उभी चिरून वापरा. आणि रणगाडा जिथून आत आला तिथला ऊस एकाच दिशेला आडवा पाडा, चरकातून काढल्यासारखा चेपलेला.

टॉवेलवाला

ताई, तो खोडवा नाही, माझ्याकडची झाडूच्या काड्यांची जुडी संपली होती. पुन्हा लावतो.

टॉवेलवाला (सोळा दिवसांनी)

मंडळी, अहवाल.

डबा जाळला. शेजारणीनं दोनदा विचारलं, भजी तळताय का. गार झाल्यावर जे दिसलं ते लिहितो, पुढच्या कुणाला उपयोग होईल. जाळाच्या मध्यावर रंग नाहीच, पत्रा निळसर करडा, बोट लावलं की पांढरट भुकटी. त्याबाहेर दोन बोटं रुंदीचा काळा पट्टा. काळ्याच्या कडेला हिरव्या रंगाला साबुदाण्याएवढे फोड, काही फुटलेले, आत तपकिरी. त्यापलीकडे हिरवा तसाच, फक्त पिवळट पडलेला. पाणी शिंपडून ठेवला तर दुसऱ्या सकाळी खरवडलेल्या जागी नारिंगी आलं होतं, पण सलग नाही. थेंब जिथे थांबले तिथे गोल गोल, मध्ये करडा पत्रा दिसतोय. मी चार महिने ब्रशनं जे सलग फासत होतो ते निसर्ग ठिपक्याठिपक्यानं करतो.

तसंच केलं. मागचा भाग गडद करडा, त्यावर स्पंजनं नारिंगीचे दोन-तीन हात, गेरू, कडेला काजळी, सोड्याचे फोड. डाव्या बाजूची मागची चार चाकं बिनरबराची केली, मागून अडीच मिलिमीटर बसवला. मोठं भोक बुजवून शेजारी एक मिलिमीटरचं पाडलं. राखेसाठी पांढरी भुकटी मनासारखी बारीक मिळेना, शेवटी देवघरातली विभूती घेतली. आईनं पाहिलं. कशासाठी विचारलं, सांगितलं. म्हणाली, "मेलेल्यालाच लावतोयस ना, लाव."

काल हवालदार काकांना बोलावलं. चष्मा कपाळावर. बराच वेळ चाकांकडे बघत होते. मग म्हणाले, "मागून बसलाय." एवढंच. खाली जाताना जिन्यात थांबून पुन्हा वर आले आणि उजवं झाकणही उघडं ठेव म्हणाले, माणसं त्यातूनच निघाली असतील. ते सोडवतो आज.

आता एकच अडचण. विभूती पक्की करायला फिक्सर सोडला की ती ओली होऊन दिसेनाशी होते, आणि वाळल्यावरही पहिल्यासारखी पांढरी येत नाही. दोनदा करून पाहिलं.

चिलखती

पांढऱ्या भुकटीचं असंच होतं. फिक्सर वरून सोडू नका. आधी पृष्ठभागावर मॅट वार्निशचा हलका हात द्या, ते चिकट असतानाच भुकटी टाका, जी धरेल ती धरेल. सर्वात वरचा थर कोराच ठेवा आणि मॉडेलला हात लावू नका.

कडकभाकरी

आणि काचेची पेटी करून घे, नाहीतर आठ दिवसांत पॅटनवर टॉवेल उगवंल.

टॉवेलवाला

तेही खरंच. साखर पेठेच्या आसपास ॲक्रिलिकची पेटी नीट चिकटवून देणारं कुणी माहीत आहे का? आतलं माप १४ इंच बाय ९, उंची ५. जोड एनसी थिनरनं लावणारा नको.