मदत हवी आहे: आईच्या डोळ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यावं का?

आम्ही डिचोलीचे. आई ६७ वर्षांची, मधुमेह १७ वर्षांचा. बांगड्याचे कल्ले उघडून लालपणा बघितल्याशिवाय पैसे काढत नसे. दिवाळीनंतर एकदा चक्क शिळे बांगडे घेऊन आली. वर विचारते कशी, "खिडकीचे गज कुणी वाकवले रे?" तेव्हा कळलं, मॅक्युलाला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाला, सूज आहे.

डाव्या डोळ्यात अँटी-व्हीईजीएफची (सूज उतरवणारं नेहमीचं औषध) पाच इंजेक्शनं झाली, महिन्याला एक. ओसीटीत (पडद्याच्या स्कॅनमध्ये) त्या भागाची जाडी ४८० मायक्रॉनवरून ४१०वर आली आणि तिथेच अडली. आता डॉक्टर ओझरडेक्स, म्हणजे स्टेरॉइडचं इंजेक्शन, सुचवताहेत. स्टेरॉइडने मोतीबिंदू होऊ शकतो, पण ते ऑपरेशन आधीच झालंय, त्यामुळे ती भीती नाही म्हणतात. पण मामाला काचबिंदू आहे, आणि स्टेरॉइडने डोळ्याचा दाब वाढतो. हे मी सांगितलं तेव्हा डॉक्टर फक्त "बघू" म्हणाले. या "बघू"मुळेच झोप उडालीय.

आईचं दुसरंच. स्टेरॉइड म्हटलं की साखर चढणार, म्हणून अडून बसलीय.

आयसीएमआरच्या २०२३च्या अभ्यासात मधुमेहात गोवा देशात पहिला होता, २६.४ टक्के. म्हणजे या वाटेने गेलेले इथे असणारच. दाब कधी तपासला, गुण किती टिकला? आणि दीनदयाळच्या (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेच्या) कार्डावर हे बसतं का?

प्रतिसाद १
बाबांना दोनदा दिलंय, फोंड्याला असतो आम्ही. इंजेक्शन म्हणतात खरं, पण आत जाते ती ६ मिलिमीटरची बारीक काडी. हळूहळू विरघळते. देताना स्टेपलरसारखा टक् आवाज येतो. आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दचकेल. औषध डोळ्यातच राहतं, रक्तात नगण्य उतरतं, बाबांची साखर हलली नाही. गुण साधारण चार महिने टिकला.

दाब मात्र खरा. दीड-दोन महिन्यांनी सर्वांत जास्त चढतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या तपासणीवर निर्धास्त राहू नका. बाबांचा २८ झाला होता, थेंबांनी उतरला. मामांचं केसपेपरवर लिहूनच घ्या, आणि आईच्या डोळ्याच्या नसेवर काचबिंदूची खूण आहे का ते आधी बघायला सांगा.

आणखी एक. मोतीबिंदूच्या वेळी भिंगामागचा पडदा फाटला नव्हता ना? फाटलेला असेल तर काडी पुढे सरकून बुबुळाला इजा करते. नंतर डोळा दुखला, लाल झाला किंवा दिसायचं कमी झालं तर त्याच दिवशी गाठा.

कार्डाचं हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी विचारा, आम्ही खिशातूनच भरले.

धागाकर्ता
पडद्याचं कुणी बोललंच नव्हतं. ऑपरेशनचा कागद आईच्या कपाटात, साड्यांखाली असणार. आज रात्री काढतो. टक् आवाजाचं सांगितलं तिला. म्हणाली, "मग कानात कापूस घालतील ना?"