बीपीच्या गोळ्या चालू असताना अंगदुखीला कॉम्बिनेशन चालेल का?

सिंहगडरोडकर
वडील, वय ६८, वजन ४६ किलो. टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी एकच गोळी रोज सकाळी. कालपासून ताप १०२-१०३, पाठ आणि सांधे ठणकताहेत. आमच्या भागात डेंगी, चिकुनगुन्या दोन्ही सुरू आहेत. पॅरासिटामॉल ६५० देतोय, पण ताप पूर्ण उतरत नाही. मेडिकलमधून एसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची पट्टी आणि सोबत पॅन्टोप्राझोल मिळालंय. देऊ का?

खलबत्ता
ती पट्टी तूर्त कपाटात ठेवा. एसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही सगळी एकाच कुळातली. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांमुळे दुखतं, सूज येते. या गोळ्या ती बनूच देत नाहीत. पण जठराचं अस्तर शाबूत ठेवणं हेही त्याच रसायनांचं काम. शिवाय या गोळ्यांनी प्लेटलेट एकमेकांना नीट चिकटत नाहीत, आणि डेंगीत त्या आधीच घटलेल्या असतात. पॅन्टोप्राझोल हे अ‍ॅसिड कमी करणारं औषध, ते जठरापुरतं. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं ते थांबवणार नाही. डेंगी नाही हे ठरेपर्यंत नुसतं पॅरासिटामॉल.

आता मात्रा. किलोमागे १० ते १५ मिग्रॅ धरा: ४६ किलोला एका वेळी ४६० ते ६९०. म्हणजे ६५० चालते. दोन गोळ्यांत ६ तास, २४ तासांत ४ गोळ्या, बस. 'दिवसाला ४ ग्रॅम' हे माप धडधाकट, भरल्या अंगाच्या माणसाचं. जास्त झालं की यकृतात त्याचा विषारी अंश साचतो. तो निकामी करणारं ग्लुटाथायोन उपाशी माणसात आणि रोज दारू घेणाऱ्यात मुळातच कमी असतं.

गफलत होते ती बेरजेत. तुम्हाला मिळालेल्या पट्टीत बहुधा ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल असेलच, सर्दीच्या गोळीत बऱ्याचदा ५००. पट्टीमागची बारीक अक्षरं वाचा. सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) असेल तर बीपीही चढतं.

आणि १०३ चा १०१ झाला म्हणजे गोळीने काम केलं. ९८ वर आणायच्या नादात दोन तासांनी दुसरी देऊ नका. कोमट पाण्याने अंग पुसा.

क्रिएटिनिन
वरच्या उत्तरात मूत्रपिंड राहिलं, आणि बीपीवाल्यांना खरा धोका तिथेच आहे. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आत आणणारी नळी प्रोस्टाग्लँडिनमुळे मोकळी राहते; वेदनाशामकाने ती आखडते. बाहेर नेणारी नळी टेल्मिसार्टनने सैल पडते. वर हायड्रोक्लोरोथायझाइडने लघवीवाटे पाणी आणि मीठ काढून टाकलेलं, तापाच्या घामाने आणखी. तिन्ही एकदम झालं की गाळणीतला दाब पडतो आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ घटक) दोन-चार दिवसांत वर जातं. दुखत काहीच नाही, फक्त लघवी कमी होते. ती दर ६ तासांत एकदा तरी व्हायला हवी.

उलट्या होत असतील, पाणी पोटात ठरत नसेल किंवा वरचं बीपी १०० च्या आसपास आलं असेल, तर बीपीची गोळी काही दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. आपल्या मनाने बंद करू नका.

सिंहगडरोडकर
धन्यवाद, पट्टी परत करतो. कमरेत इंजेक्शन घेतलं तर? निदान गुडघ्याला जेल?

खलबत्ता
इंजेक्शन अजिबात नको. औषध तेच, शिवाय प्लेटलेट कमी असताना स्नायूत सुई टोचली की आत रक्त साकळून गाठ होते. जेलमधून रक्तात फार थोडं उतरतं, तरी दोन-तीन दिवस शेकावर भागवा.

क्रिएटिनिन
डेंगीसाठी तापाच्या पहिल्या ५ दिवसांत एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी रक्तचाचणी), त्यानंतर आयजीएम (प्रतिपिंडांची चाचणी). सीबीसीच्या (रक्तपेशी आणि प्लेटलेटची मोजणी) त्याच रक्तात क्रिएटिनिन आणि सोडियमही तपासून घ्या. हायड्रोक्लोरोथायझाइडवर या वयात सोडियम घसरतं, मग माणूस गळून जातो, बरळतो आणि घरचे म्हणतात ताप डोक्यात गेला. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यातच, कपात चिमूटभर टाकून नाही.

डेंगी निघालाच, तर ताप उतरल्यानंतरच्या दोन दिवसांत जास्त लक्ष ठेवा. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, काळी शी किंवा हातपाय गार पडणं यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.