जीवरसायनशास्त्रातून वेदनेच्या संशोधनाकडे वळता येते का?

सानपाड्याची प्रवासी (प्रश्न)

मी मुंबईत जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत असून शेवटच्या सत्रात आहे. माझ्या आजीला नागीण होऊन दीड वर्ष झाले. पुरळ केव्हाच सुकले, पण पदराचा स्पर्शही तिला भाजल्यासारखा होतो. त्यामुळे वेदनेच्या शरीरक्रियेवर पीएच.डी. करावी असे मनाने घेतले आहे. एका मार्गदर्शकांचे म्हणणे असे, की हा प्रांत डॉक्टरांचा आहे आणि विकरे (एन्झाइम) शुद्ध करायला शिकलेल्याने तिकडे जाऊ नये. वेदनेवर काम करणारे शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलिअस यांचे नाव वाचनात वारंवार येते. ते वेदनेपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचले, हे जाणकारांनी सांगावे.

जुना पिपेट

ज्युलिअस यांची वाट तुमच्या मार्गदर्शकांच्या मताच्या अगदी उलट आहे. बर्कलीला 1984 साली पूर्ण झालेली त्यांची पीएच.डी. यीस्टवर होती. जेरेमी थॉर्नर आणि रँडी शेकमन यांच्या हाताखाली त्यांनी, यीस्टचा संप्रेरकासारखा एक पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) लांब पूर्वप्रथिनातून कापला कसा जातो, हे तपासले आणि ती कात्री, म्हणजे केईएक्स-2 हे विकर, ओळखले. पुढे कोलंबिया विद्यापीठात रिचर्ड अ‍ॅक्सेल यांच्याकडे त्यांनी सेरोटोनिन या चेतासंदेशवाहक रसायनाच्या एका रिसेप्टरचा, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या पेशीवरील प्रथिनाचा, जनुक वेगळा केला, तोही प्रथिन आधी शुद्ध न करता, केवळ त्याच्या कामावरून माग काढत. माझ्या मते त्यांची खरी कमाई ही पद्धतच होय.

सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःची प्रयोगशाळा मिळाल्यावर त्यांनी तीच पद्धत मिरचीला लावली. मिरचीतील कॅप्सेसिन या तिखट द्रव्यामुळे आग होते हे ठाऊक होते, पण ते चेतापेशीच्या कोणत्या प्रथिनाला धरते हे कळत नव्हते. मायकेल कॅटेरिना आणि इतर सहकाऱ्यांनी वेदनावाहक चेतापेशींमधील जनुकांचा संग्रह, कॅप्सेसिनला दाद न देणाऱ्या पेशींमध्ये तुकड्यातुकड्यांनी घातला. ज्या तुकडीतील पेशींत कॅल्शियम शिरून ते दाखवणारे रंगद्रव्य उजळले, ती पुन्हा पुन्हा विभागत ते एकाच जनुकापर्यंत आले. 1997 साली प्रसिद्ध झालेला हा रिसेप्टर आज टीआरपीव्ही-1 म्हणून ओळखला जातो. तो सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो, म्हणजे तिखटाची आग आणि तव्याचा चटका एकाच दारातून आत येतात. 2021 च्या नोबेलमागे मुख्यतः हेच काम आहे. ते पारितोषिक त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्याबरोबर मिळाले.

लवंगी

एक जोड द्यावीशी वाटते. आपल्याकडे पिंजऱ्यातल्या पोपटाला हौसेने मिरची देतात आणि तो ती शांतपणे खातो. पक्ष्यांमध्येही हा रिसेप्टर असतो आणि उष्णतेने तो उघडतो, परंतु कॅप्सेसिन त्याला उघडू शकत नाही. ज्युलिअस यांच्याच प्रयोगशाळेने 2002 साली हे दाखवले.

भूलतज्ज्ञ, परळ

वरील माहिती बरोबर आहे, तरी रिसेप्टर सापडला म्हणजे औषध सापडले असे होत नाही, हे रुग्णांसमोर बसणाऱ्याने सांगायला हवे. टीआरपीव्ही-1 बंद करणारी औषधे माणसांवर तपासली तेव्हा काहींचे अंगाचे तापमान वाढले आणि काहींना चटक्याची जाणीवच कमी झाली. कारण हे प्रथिन शरीराचे तापमान राखण्यातही सहभागी असते. एकट्या रेणूकडे पाहून हे आधी लक्षात आले नसते. म्हणून तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो: वळा, पण शरीरक्रियाशास्त्र मनापासून शिका.

उलट दिशेने आलेला उपचारही आहे. तुमच्या आजींच्या प्रकारच्या वेदनेसाठी कॅप्सेसिनची 8 टक्क्यांची पट्टी अमेरिकेत 2009 साली मान्य झाली. ती रिसेप्टर बंद करत नाही, तर त्याला इतके उत्तेजित करते की त्वचेतील चेतातंतूंची टोके काही काळ निकामी होतात. ती घरी चिकटवण्याची वस्तू नव्हे, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच लावतात. आजींना मात्र वेदनाचिकित्सा विभागात अवश्य दाखवा, तुमची पीएच.डी. होईपर्यंत थांबू नका.

सानपाड्याची प्रवासी

सर्वांचे आभार. आजीला याच आठवड्यात दाखवते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) जीवशास्त्र विभाग आहे. तेथील प्रवेशपरीक्षेसाठी शरीरक्रियाशास्त्र कोणत्या पुस्तकातून सुरू करावे, हे भूलतज्ज्ञांनी सवडीने सांगितले तर बरे होईल.